अर्ध्या तासाची किंमत

दिवाळी जवळ आली की घरोघरी याद्या होऊ लागतात. कोणाला काय कापड घ्यायचे, रवा-बेसन किती, फटाके किती. सीताबर्डीच्या गर्दीत शिरण्यापूर्वी घरची गृहिणी ती यादी पुन्हा एकदा वाचते आणि एखादी ओळ खोडते. ती ओळ बहुधा तिच्या स्वतःच्या वस्तूची असते.

आमच्या शाळेतील एका बाईंनी यंदा अशी एक ओळ खोडण्याआधी माझा सल्ला विचारला. दिवसभर फळ्यापाशी उभे राहून त्यांची कंबर धरते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे व्यायामासाठी बाहेर जाणे होत नाही. पिलाटीस नावाच्या व्यायामाचे धडे चित्रफितींतून विकत मिळतात. ते घरच्या सतरंजीवर करता येतात. “घेऊ का, सर? पैसे वाया तर जायचे नाहीत?” घरच्यांचे उत्तर तयारच होते : “दिवसभर राबतेसच की! आणखी व्यायाम कशाला?”

प्रश्न दिसायला बाजारहाटाचा आहे. पण मला तो नीतीचा वाटतो.

आधी माल पाहू. जोसेफ पिलाटीस हा १८८३ साली जर्मनीत जन्मलेला गृहस्थ. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत डांबले. पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि तेथे त्याने आपली व्यायामपद्धती शिकविली. १९४५ सालच्या त्याच्या पुस्तकात सतरंजीवर करण्याचे ३४ व्यायाम आहेत. श्वासाकडे लक्ष, पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंवर ताबा, आणि आवर्तने थोडी पण नेटकी, हे त्याचे सार. २००० साली अमेरिकेतील एका न्यायालयाने ‘पिलाटीस’ हे नाव कोणा एकाच्या मालकीचे नाही असा निर्णय दिला. नाव सर्वांचे झाले, म्हणजे ते कोणीही आपल्या मालावर लावू शकतो. तेव्हा घेणाऱ्याने नावाकडे न पाहता शिकविणाऱ्याकडे पाहावे.

घरच्या घरी व्यायाम ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले, संस्थानच्या शाळांतून नमस्कार सुरू केले. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाची आवृत्ती १९३८ साली लंडनहून निघाली. तालमीत बायकांना मज्जाव होता, त्या काळी असे पुस्तक माजघरापर्यंत पोहोचू शकत होते. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. ते ज्यांनी उघडले त्यांना लाभ झाला. ज्यांनी नुसते मांडून ठेवले, त्यांच्या घरी वजन उचलण्याचा व्यायाम फक्त फळीला घडला!

कोणी म्हणेल, विकत कशाला? आपल्या नागपुरातच जनार्दनस्वामींनी योग विनामूल्य शिकविण्याचा परिपाठ घालून दिला. रामनगरचे योगाभ्यासी मंडळ तो चालवीत आले आहे. खरे आहे. पण फुकटच्या वर्गालाही घराबाहेर पडावे लागते. ज्या बाईला रुग्णाच्या उशापासून हलता येत नाही, तिला तो वर्गही महागच.

आता “राबतेसच की” या उत्तराकडे वळू. श्रम आणि व्यायाम यांत एक फरक आहे. कळशी उचलताना लक्ष कळशीवर असते. ती भरून ओट्यावर आली की काम झाले; पाठ कशी वाकली हे कोणी विचारीत नाही. श्रमात शरीर हत्यार असते. व्यायामात तेच शरीर आपल्या काळजीचा विषय होते. एखाद्या माणसाला “तुला व्यायाम कशाला?” असे म्हणणे म्हणजे त्याचे शरीर केवळ हत्यार आहे असे म्हणणे. हत्यारालासुद्धा आपण दसऱ्याला पुसून ठेवतो.

चित्रफितीचे उणेही सांगितले पाहिजे. आपण तिला पाहतो. ती आपल्याला पाहत नाही. गुडघा वाकडा पडला, श्वास कोंडला, तरी पडद्यावरची बाई हसतच असते. म्हणून ज्याची कंबर आधीच दुखते त्याने प्रथम डॉक्टरांना विचारावे, आणि एखाद्या जाणत्याकडून दोनचार वेळा आपली चूक पाहून घ्यावी. कोणता व्यायाम कोणी करू नये, हे जो शिक्षक सांगत नाही त्याचा माल घेऊ नये.

राहिला उत्साहाचा प्रश्न. तो तुळशीच्या लग्नापर्यंत टिकेल आणि मग मावळेल, असे घरोघरी म्हटले जाते. मावळतोही. पण दोष दर वेळी आळसाचा नसतो. सतरंजी अंथरली की कोणाला चहा हवा असतो, कोणाचा मोजा सापडत नाही, कोणी दारावरची घंटा वाजवितो. अर्ध्या तासाचे पाच तुकडे होतात, आणि आम्ही पुरुष मंडळी म्हणतो, पैसे फुकट गेले.

बाईंना मी इतकेच सांगितले : चित्रफिती अवश्य घ्या, पण त्याआधी घरच्यांकडून सकाळचा अर्धा तास मागून घ्या. त्या वेळी सासूबाईंपाशी कोण बसणार हे ठरवा. ते ठरले नाही, तर फुकट मिळालेले धडेही तुम्हांला महाग पडतील.

वाचकहो, नरक चतुर्दशीच्या पहाटे आपण अंगाला तेल-उटणे लावतो. वर्षातून एकदा का होईना, शरीराचा मान राखतो. त्या पहाटे सर्वांत आधी उठून पाणी तापविणारी बहुतेक घरांत सर्वांच्या शेवटी न्हाते. यंदा तिला पहिले पाणी द्यावे, आणि त्याच दिवशी तिला विचारावे की, रोजचा कोणता अर्धा तास तुझा?