आपला कैवारी

आजचं वाचन: इब्री १२:१-२, १ योहान २:१



धावेचं हे वचन आलं की मला जरा धास्तीच वाटते. मे महिन्यात अकोल्यात सकाळी आठलाच ऊन चटके देतं. वसंत देसाई स्टेडियमवर चार फेऱ्यांत माझा दम निघतो. धीराने धावा म्हणे! पण धीर आणायचा कुठून?

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवतो. २०१९, दोहा, जागतिक स्पर्धा. स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटर, त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूशी अडखळून तो मागे पडला. तरी धावत राहिला आणि ८:२५.२३ असा नवा राष्ट्रीय विक्रम केला. पण अंतिम फेरी हुकली.

मग भारतीय संघाने त्याच्या वतीने दाद मागितली. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि त्याला आत घेतलं. अंतिम फेरीत तो तेरावा आला, पण वेळ ८:२१.३७, म्हणजे स्वतःचाच विक्रम मोडला.

मला तो विक्रमापेक्षा त्या दाद मागण्यासाठी जास्त आठवतो. धावणं त्याचं होतं, पण आत जाण्याचा शब्द दुसऱ्या कुणीतरी टाकला.

आता उदाहरण इथे लंगडं पडतं, हे कबूल करतो. साबळेची चूक नव्हती. मी मात्र माझ्याच पायात पाय घालून पडतो. मागच्या वर्षी नोकरी गेली तेव्हा मी तीन महिने प्रार्थना केली नाही, मंडळीतही गेलो नाही. माझी चित्रफीत पाहिली तर निकाल माझ्याविरुद्धच जाईल! आणि योहान तर नेमकं अशाच माणसाबद्दल लिहितो. ज्याने पाप केलं, त्याच्यासाठी पित्याजवळ कैवारी आहे. पेत्राने नाकारण्याआधीच येशूने त्याच्या विश्वासासाठी प्रार्थना करून ठेवली होती (लूक २२:३२).

मग मी धावायचंच कशाला? हा प्रश्न मला खरंच पडला होता. त्या तीन महिन्यांत एकदा आईला चिडून म्हणालो, "माझ्याच्याने प्रार्थना होत नाही." ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुह्याच्यानं होत नसंन तं राहू दे. मी तं करूनच राहिली."

त्या रविवारी मी मंडळीत गेलो. उशिराच पोहोचलो, मागच्या बाकावर बसलो.

प्रभू, जो आज मागे पडलाय, त्याचं नाव मला आठवू दे. आमेन.