सवयीचा धनी कोण?

माणसाच्या हातून चांगले घडले की आपण त्याला गुणी म्हणतो आणि वाईट घडले की त्यालाच बोल लावतो. हा हिशेब खरोखर इतका सरळ आहे का?

कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत पहाटे डोकावून पाहा. ताक, तेल आणि हळद घालून मऊ केलेल्या लाल मातीच्या हौद्यात पोरे एकच डाव पुन्हापुन्हा घोटीत असतात. कडेला वस्ताद उभे. डाव साधला की "शाब्बास!", फसला की खरमरीत दम. पुढे हाच पोरगा शाहू छत्रपतींनी बांधविलेल्या खासबाग मैदानात उतरतो आणि ढाक मारून समोरच्याला चीतपट करतो, तेव्हा विचार करायला त्याला सवड कुठली? मग तो डाव मारला कोणी? त्याने, की त्याच्या सवयीने?

या सवयीचे एक मोठे घर मेंदूत खोलवर, 'बेसल गँग्लिया' नावाच्या मज्जापेशींच्या पुंजक्यांत आहे. शास्त्रज्ञांनी त्याची गणिती प्रतिकृती संगणकावर उभी केली आहे. तीत दोन वाटा आहेत. एक म्हणते 'कर', दुसरी म्हणते 'नको'. अपेक्षेहून अधिक लाभ झाला की डोपामिन हे रसायन उसळते आणि पहिली वाट रुळते. अपेक्षाभंग झाला की ते ओसरते आणि दुसरी पक्की होते. वस्तादांची शाबासकी आणि दम यांची नोंद जणू अशी होत असते.

कंपवातात हे रसायन तयार करणाऱ्या पेशीच मरत जातात. प्रतिकृतीवरून अमेरिकेतील मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाकीत केले, की औषध न घेतलेला रोगी चुकांतून अधिक शिकेल आणि औषध घेतलेला यशातून. कारण औषध चालू असता डोपामिन पुरते ओसरतच नाही. रोग्यांना जपानी अक्षरांच्या जोड्यांतून निवड करायला लावून त्यांनी ते पडताळले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात भाकीत खरे ठरले.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. कंपवातावरील काही औषधांनी काही रोग्यांना जुगाराचा अनावर नाद लागतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. समजा, जन्मात पैजेला न शिवलेले आजोबा गोळ्या सुरू होताच पेन्शन मटक्यावर उधळू लागले. हे पाप कोणाचे?

"गोळीचे" म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मग त्यांच्या आजवरच्या सचोटीचे श्रेयही रसायनालाच द्यावे लागेल, आणि ते आपल्या मनाला पटत नाही.

मला वाटते, उत्तर तालमीतच आहे. ऐन कुस्तीतला डाव सवयीने पडतो, हे खरे. पण पहाटे उठून हौद्यात उतरणे हे त्या पोराचेच असते, आणि कडेला उभे राहणे वस्तादांचे. तराजू आपण घडविलेला नसतो. तो कलला आहे हे कळल्यावर काय करायचे, एवढे मात्र आपल्या हाती उरते. आजोबांनी नाद लपवू नये, पैशांची किल्ली सुनेच्या हाती द्यावी. घरच्यांनी चारचौघांत त्यांची लाज काढण्याआधी डॉक्टरांना गाठावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

अपराध तोलताना घाई करू नये आणि गुण मिरवतानाही. आपल्या प्रत्येक चांगल्या सवयीच्या मागे कुणीतरी वेळेवर "शाब्बास" म्हटलेले असते.