यल्लम्माची कथा आणि जोगतिणीचे जगणे

बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माचे, म्हणजेच रेणुकेचे देवस्थान आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, निपाणीकडील भाविक तेथे लोटतात. सीमाभागातील विद्यार्थी मराठी शाळेत शिकणारा असो वा कन्नड, ही देवी त्याला घरातूनच ठाऊक असते. लोककथा आणि सामाजिक प्रश्न हे अभ्यासक्रमातले दोन वेगळे धडे. देवीला सोडलेल्या जोगतिणीच्या आयुष्यात मात्र ते वेगळे काढता येत नाहीत.

कथा अशी सांगतात. रेणुका रोज वाळूचा घडा वळी आणि सापाची चुंबळ करून पाणी आणी. नदीवर जलक्रीडा पाहताना तिचे मन क्षणभर ढळले आणि घडा वळेना. संतापलेल्या जमदग्नीने मुलांना आईचे शिर उडवण्यास सांगितले. थोरल्यांनी नकार दिला; परशुरामाने आज्ञा पाळली आणि वर मागून आईला जिवंत केले. पुराणात गौरव होतो तो त्याच्या पितृभक्तीचा. जोगतिणी चौंडक्याच्या तालावर गातात तेव्हा मात्र रेणुकेचे हाल, तिची वणवण आणि मातंगी नावाच्या स्त्रीने दिलेला आसरा पुढे येतो. नकार देणाऱ्या मुलांना बापाने दिलेल्या शापाशी जोगते, म्हणजे देवीला सोडलेले पुरुष, आपले नाते सांगतात. मार्गशीर्षात देवी विधवा होते, म्हणून तिच्यासाठी बांगड्या फोडल्या जातात. पुढे ती पुन्हा सवाष्ण होते. देवीला सोडलेल्या मुलीला मात्र तिच्या नावाने मणी बांधले की माणसाशी लग्न उरत नाही.

मुलगी सोडण्यामागची कारणे घराघरांत सापडतात. केसांत जट झाली, घरात आजारपण आले, मुलगा नाही म्हणून म्हातारपणी कोणी सांभाळावे ही चिंता पडली. या मुली बहुतांशी दलित कुटुंबांतल्या, हे विसरून कथेचे कौतुक करणे अन्यायाचे आहे. जट ही न विंचरल्याने गुंतलेल्या केसांची गाठ असते आणि ती कापता येते, एवढे विज्ञान शाळेत ठामपणे शिकवले तरी एखादी मुलगी वाचू शकते.

बेळगाव मुंबई इलाख्यात असताना १९३४ साली मुली सोडण्यास बंदी करणारा कायदा झाला. १९५६ साली जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि १९८२ साली कर्नाटकाने स्वतंत्र कायदा केला. अर्धशतकाने पुन्हा कायदा करावा लागला, यावरून पहिल्याचा धाक किती होता ते कळते. घाटप्रभा येथे १९९७ साली स्थापन झालेल्या ‘मास’ या संस्थेत पूर्वीच्या देवदासींनीच, म्हणजे अशा सोडलेल्या बायकांनीच, एकमेकींना सावरण्याचे काम हाती घेतले.

मराठी साहित्याने हे जग राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून पाहिले. २००९ सालच्या ‘जोगवा’ चित्रपटाने ते घरोघरी नेले. याच सीमाभागातल्या निपाणीच्या वखारींत तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत राबणाऱ्या बायकांवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यात कामगार बायका आपल्या संघर्षाबद्दल स्वतः बोलतात. जोगतिणींवरील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना हाच धडा घ्यावा लागेल. जोगतिणीचे गाणे टिपताना तिची संमती घ्यावी, तिला चालत असेल तर तिचे नाव लिहावे, ती पोट कशावर भरते आणि तिला पेन्शन मिळते का, हेही विचारावे.