मापात पाप

आमचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान होतं. आजोबा तराजूला हात लावायच्या आधी पारडी रिकामी असताना काटा मध्ये आहे ना, हे बघून घ्यायचे. ‘मापात पाप नको’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एखादं गरिबाघरचं पोर पावशेर शेंगदाणे न्यायला आलं, तर ते आधी काटेकोर पावशेर मोजायचे, पुडी बांधायचे आणि मग वेगळी मूठ भरून त्याच्या हातावर ठेवायचे. मी एकदा विचारलं, “मग पारड्यातच जास्त का नाही टाकत?” ते म्हणाले, “माप ते माप, देणं ते देणं. दोन्ही एकत्र केलं की कशालाच अर्थ राहत नाही.” ती मूठसुद्धा संध्याकाळी वहीत चढायची, धर्मादाय खात्यात.

पुढे मी लहान मुलांच्या पोषणावर संशोधन करायला लागले. म्हणजे मीही मोजायलाच लागले. फक्त शेंगदाण्यांऐवजी मुलांचे दंड.

तुम्ही अंगणवाडीत ती रंगीत पट्टी पाहिली असेल. मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, ती गुंडाळायची. आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. त्यापुढे हिरवा. आपल्या अंगठ्याने आणि तर्जनीने गोल करून बघा, साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे किती ते कळेल.

बारा वर्षांपूर्वी माझ्या पीएचडीचं काम मोखाडा भागातल्या पाड्यांवर चालू होतं. अभ्यासाची रचना साधी होती. काही पाड्यांवरच्या मुलांना रोज नाचणी-शेंगदाणा-गुळाचा एक लाडू द्यायचा आणि आयांशी आहाराबद्दल बोलायचं. बाकीच्या पाड्यांवर फक्त मोजायचं. तिथे अंगणवाडीतून जे मिळतं तेच मिळत राहणार. सहा महिन्यांनी दोन्हींची तुलना. लाल पट्टीतलं मूल कुठल्याही पाड्यावर सापडलं तर त्याला दवाखान्यात पाठवायचं, हा नियम होता आणि तो आम्ही पाळला. पिवळ्या पट्टीतल्या मुलासाठी नियम एवढाच, की अंगणवाडी ताईंना सांगायचं आणि नोंद करायची.

ऑगस्टमधली गोष्ट. भातलावणी उरकत आलेली, घरातलं धान्य संपत आलेलं. सकाळी लाडूच्या पाड्यावर सहा मुलं आलीच नाहीत, आयांबरोबर शेतावर गेली होती. त्यांचे सहा लाडू डब्यात उरले. ते परत आणून ‘दिला नाही’ असं लिहायचं होतं. दुपारी आम्ही तुलनेच्या पाड्यावर पोचलो. तिथे दोन वर्षांची एक मुलगी आजीच्या मांडीवर बसली होती. दंड अकरा पूर्णांक सात. लाल पट्टीला दोन मिलिमीटर कमी, म्हणून ती पिवळी. मी आकडा लिहिला. आजीने विचारलं, “मोजून पोर वाढतं का गं बाय?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आमचं चौथं मोजमाप होतं ते. चार वेळा आम्ही गाडी घेऊन आलो होतो आणि चारही वेळा एक आकडा घेऊन गेलो होतो.

मी गाडीतून डबा आणला आणि सहाच्या सहा लाडू तिच्या पदरात ओतले. रात्री वहीत त्या सहा गैरहजर मुलांच्या नावापुढे लिहिलं, ‘खाल्ला’.

ही गोष्ट पुढची काही वर्षं मी स्वतःला चांगुलपणाची गोष्ट म्हणून सांगितली. नियमांपेक्षा माणुसकी मोठी, वगैरे. मग शिकवायला लागले, तेव्हा पोषणशास्त्राच्या इतिहासातली दोन प्रकरणं वर्गात पुन्हा पुन्हा यायला लागली आणि माझी गोष्ट मलाच पुरेना.

पहिलं प्रकरण कॅनडाचं. १९४० आणि ५०च्या दशकांत तिथल्या आदिवासी मुलांच्या सरकारी निवासी शाळांत आहाराचे प्रयोग झाले. मुलं आधीच अर्धपोटी होती, हे शास्त्रज्ञांना माहीत होतं. एका शाळेत दुधाचं प्रमाण वाढवून परिणाम बघायचा होता. पण आधी ‘मूळ स्थिती’ नीट नोंदली जावी, म्हणून तिथलं अपुरं दूध दोन वर्षं तसंच अपुरं ठेवलं. मुलांना किंवा आईबापांना कुणी विचारलं नाही. इयन मॉस्बी या इतिहासकाराने २०१३ मध्ये हे सगळं कागदपत्रांतून बाहेर काढलं. ते शास्त्रज्ञ राक्षस होते असं वाटत नाही. त्यांचा तराजू बरोबर होता. फक्त दुसरं खातंच नव्हतं.

दुसरं प्रकरण ग्वाटेमालाचं. १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक अभ्यास झाला. दोन खेड्यांत ‘अतोले’ नावाचं प्रथिनयुक्त गरम पेय, दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’ नावाचं साधं गोड पेय, ज्यात प्रथिनं नव्हती. दवाखान्याची सोय चारही खेड्यांत केली. कुणीही यावं, हवं तेवढं प्यावं. ती मुलं मोठी झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत अतोले मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सरासरी ४६ टक्के जास्त निघाली. लहान मुलाच्या तोंडातला घास ही दया नाही, गुंतवणूक आहे, हे अर्थमंत्र्यांना पटवून द्यायला आज जो पुरावा वापरतात, त्यातला हा एक महत्त्वाचा. फ्रेस्कोची दोन खेडी नसती तर हा आकडा मिळालाच नसता.

आता सांगा, फ्रेस्को पिणाऱ्या मुलांचं काय? त्यांनी न खाल्लेल्या प्रथिनांवर जगभरच्या मुलांचा फायदा उभा आहे. ते बरोबर होतं का? मी वर्गात हा प्रश्न विचारते तेव्हा निम्मी मुलं हो म्हणतात, निम्मी नाही. मी दोन्ही बाजूंनी मान डोलावते. त्यात थोडी चलाखी असते, कारण मला माझ्या सहा लाडवांबद्दल बोलायचं नसतं.

माझ्या गाइडना मी ते उशिरा सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “तू एका मुलीला सहा लाडू दिलेस आणि लाडवांचा परिणाम नक्की किती होतो हे सांगायची आपली ताकद तेवढी कमी केलीस. उद्या एखादी योजना आकडे धूसर म्हणून बारगळली, तर त्यातली मुलं तुला दिसणार नाहीत. म्हणून तुला त्यांचं वाईट वाटणार नाही.” हे वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे. समोरच्याची भूक दिसते, आकड्यातली दिसत नाही. एनएफएचएस-५ नुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. हे वाचून तुमचा घास अडला नसेल. माझाही अडत नाही.

पण त्यांचं बोलणं मला पूर्ण पटलंही नाही. अर्ध्या लोकांना काही न देता तुलना करायची, तर त्याचं नैतिक समर्थन एकच असतं, आपल्याला उत्तर खरोखर माहीत नसतं. आम्हाला काय माहीत नव्हतं? लाडू मिळायला लागला की घरातलं जेवण तेवढं कमी होतं का, एक लाडू चार भावंडांत वाटला जातो का, लावणीच्या दिवसांत तो पोचतो तरी का, हे माहीत नव्हतं. हे प्रश्न खरे होते. पण अकरा पूर्णांक सात दंडाच्या मुलीला खायला हवं, हे मात्र माहीत होतं. आमचं अज्ञान व्यवस्थेबद्दल होतं, भूक तिची होती. व्यवस्थेबद्दलच्या आमच्या अज्ञानाचा खर्च तिने का सोसायचा?

मोजणंच वाईट, असंही मला म्हणायचं नाही. ‘आपली मुलं जातीचीच लहानखुरी’ असं आजही ऐकू येतं. याला उत्तर मोजण्यातूनच मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्ली, ऑस्लो, मस्कत, आक्रा अशा सहा ठिकाणच्या सुमारे साडेआठ हजार मुलांची वाढ मोजली. पोटभर खाणारी, आईचं दूध मिळालेली, बऱ्या परिस्थितीतली मुलं पहिली पाच वर्षं सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात, असं दिसलं आणि २००६ मध्ये त्यावरून वाढीची प्रमाणं ठरली. आजीच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, मोजून पोर वाढत नाही. पण न मोजता, ते का वाढत नाही याची खोटी कारणं मात्र वाढतात.

मग माझी चूक कुठे झाली? बराच काळ मला वाटायचं, की लाडू देणं ही चूक किंवा न देणं ही चूक, यातलं एक निवडायचं आहे. आता वाटतं, आजोबांनी याचं उत्तर मला आठव्या वर्षीच देऊन ठेवलं होतं. मी मूठ पारड्यात टाकली. ‘सहा लाडू तुलनेच्या पाड्यावरच्या मुलीला दिले’ एवढं लिहिलं असतं तर तो नियमभंग झाला असता, पण माप खरं राहिलं असतं. आणि पिवळ्या पट्टीतल्या मुलांना आपला अभ्यास काहीच देत नाही, हा प्रश्न गाइडच्या टेबलावर, नैतिकता समितीसमोर गेला असता. खोटं लिहून मी तो प्रश्न लपवला. एका मुलीची एका दिवसाची सोय केली आणि तिच्यासारख्या बाकीच्यांना नियमाच्या हवाली केलं.

आता मी जे अभ्यास आखते त्यांत सगळ्या पाड्यांना आहार मिळतो, फक्त पाळीपाळीने. पिवळ्या पट्टीतल्या मुलाला पाळी नसली तरी मिळतो आणि तसं लिहिलं जातं. त्यामुळे फरक बारीक होतो, जास्त पाडे घ्यावे लागतात, पैसा जास्त लागतो. एकदा तर एवढ्यावरून प्रस्ताव परत आला. आणि पाळी म्हटली की शेवटचा कुणीतरी असतोच. त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

यंदा वर्गात मी पहिल्यांदाच ही गोष्ट पूर्ण सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग तुम्ही पेपर दुरुस्त का नाही केला?” मी म्हणाले, सहा नोंदींनी निष्कर्ष बदलत नाही. बोलताबोलताच मला कळलं, की काट्याला बोट लावणारा प्रत्येक दुकानदार हेच म्हणतो.

त्या आठवड्यात मी संपादकांना पत्र लिहिलं. गाइडना प्रत पाठवली. अजून उत्तर नाही. काय व्हायचं ते होईल.

त्या मुलीचं घर दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलं, बहुतेक भिवंडीकडे. शेवटच्या मोजमापाला ती नव्हती. आमच्या तक्त्यात तिच्या ओळीपुढे ‘संपर्क तुटला’ असं लिहिलंय. अंतिम हिशेबातून ती ओळ वगळली आहे. त्या अभ्यासावर मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. ती आता चौदा वर्षांची असेल. खोट्या नोंदीबद्दल पत्र लिहायला मला निदान पत्ता होता.