बजावणी

मराठीतली काही क्रियापदे मोठ्या घरातल्या थोरल्या सुनेसारखी असतात; पडेल ते काम करतात आणि तक्रार करीत नाहीत. 'बजावणे' हे त्यातलेच एक. नदीला पूर आला की आई मुलाला बजावते, सीमेवरचा शिपाई कर्तव्य बजावतो, आणि कोर्टाचा बेलीफ समन्स बजावतो. एका शब्दाचे निरनिराळे अर्थ शिकवताना ही तीन वाक्ये मी बरीच वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. पहिल्या वाक्यात ऐकणाऱ्याला कळले नाही तर बजावणे फुकट गेले. दुसऱ्यात कोणाला कळण्याचा प्रश्न नाही. करणाऱ्याने केले की झाले. तिसरे वाक्य यांपैकी कोणाच्या पंगतीला बसवायचे? बेलिफाने कागद पोचवला, आपले काम केले. पण ज्याच्या नावाचा कागद, त्याला काही कळलेच नाही, तर समन्स बजावले गेले की नाही? हा प्रश्न मी वर्गात विचारीत नाही. मुलांना तो झेपणार नाही असे नाही. उलट ती फार पटकन उत्तर देतील आणि पुढे मला बोलता येणार नाही.

कारण शाळेचीही एक बजावणी असते. मुलगा आठवडाभर गैरहजर राहिला की त्याच्या वडिलांना चिठ्ठी जाते, आणि ती नेतो कोण, तर ज्याच्याविरुद्ध चिठ्ठी आहे तोच! पावसाळ्यात या चिठ्ठ्यांच्या उत्तम होड्या होतात. शाळेच्या वहीत मात्र 'पालकांस कळविले' अशी नोंद पडते, आणि गंमत अशी की ती नोंद लिहिणारा खोटे बोलत नसतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त बेलीफ राहतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत काढली. बेलीफ हा प्राणी कोणालाच नको असतो. रावणाच्या दरबारात अंगदाला बसायला आसन मिळाले नाही, तेव्हा त्याने आपल्या शेपटीचे वेटोळे करून त्यावर बैठक मारली, अशी कथा आपण लहानपणी ऐकतो. नाना म्हणतात, "गुरुजी, अंगदाला शेपूट तरी होतं." तरीही अंगद गेला, कृष्णही हस्तिनापूरला शिष्टाईला गेला. युद्ध होणार हे दोघांनाही दिसत होते. पण न सांगता चालून जाणे आपल्या पूर्वजांना शोभेसे वाटले नाही. १७२३ साली इंग्लंडात एका न्यायाधीशाने याच अर्थाचा दाखला बायबलातून दिला होता : आदमाला शिक्षा करण्यापूर्वी देवानेसुद्धा त्याला हाक मारून विचारले. सर्वज्ञ देवाला विचारण्याची काय गरज होती? गरज देवाला नव्हती, आदमाला होती.

आता माणसांच्या कायद्याकडे येऊ. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स शक्य तो प्रतिवादीच्या हातातच द्यावे, असे म्हटले आहे. तो घरी नसेल आणि लवकर सापडण्यासारखा नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरातल्या प्रौढ माणसाकडे द्यावे. मूळ संहितेत हा माणूस 'पुरुष' असावा लागे. १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रीलाही तो मान मिळाला. म्हणजे तोवर, चूल, गोठा आणि नवऱ्याची शेती सांभाळणाऱ्या बाईला नवऱ्याच्या नावाचा कागद घेण्याइतकी अक्कल आहे की नाही याबद्दल संहितेला शंका होती. घरात वीस वर्षे राहिलेला गडी मात्र आजही घरचा नव्हे, असे कायदा स्पष्ट शब्दांत सांगतो. आणि कोणीच सापडले नाही, किंवा कागद घ्यायला नकार दिला, तर समन्सची प्रत दारावर चिकटवायची, घर कोणी दाखवले आणि कोणासमक्ष चिकटवले ते लिहायचे, आणि मूळ कागद कोर्टाकडे परत पाठवायचा.

दारावर चिकटवलेला कागद म्हणजे कळलेली गोष्ट, हे कायद्याने मानले नाही तर काय होईल, तेही पाहिले पाहिजे. देणेकरी माडीवर दडून बसतील, आणि 'आम्हाला कळलेच नाही' या तीन शब्दांपुढे जगातला प्रत्येक खरा हक्क हात टेकील. बेलीफ दिसताच उसात शिरणारी माणसे नानांनी पुष्कळ पाहिली आहेत. तेव्हा हे मानणे अन्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. ते एक कामचलाऊ सत्य आहे. घात होतो तो कोणी त्या कामचलाऊ सत्याचा धंदा करतो तेव्हा.

आमच्या या दोन तालुक्यांनी तो धंदा पाहिला आहे. १८७५ साली दख्खनचे दंगे झाले ते याच मुलखात. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एका देशमुखाचे घर सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यात घेतले आणि ते पाडायला सुरुवात केली. गाव बिथरले. सावकारावर बहिष्कार पडला. मग १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात भडका उडाला. आजचा दौंड तालुका तेव्हा भीमथडीतच मोडत असे. तेथून लोण शिरूरच्या गावांत आणि नगर जिल्ह्यात पसरले. पुणे जिल्ह्यात ५५९ आणि नगर जिल्ह्यात ३९२ माणसे पकडली गेली. त्यांपैकी अनुक्रमे ३०१ आणि २०० जणांना शिक्षा झाल्या.

इतिहासाच्या पुस्तकात हे 'सावकारांविरुद्धचा उठाव' म्हणून एका परिच्छेदात येते आणि परीक्षेत चार गुणांना विचारले जाते. मला त्यातली एकच गोष्ट विलक्षण वाटते. जमावाला हवे होते ते कागद : खत, रोखे, हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने दिले, तर बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांनी अक्षरांचीच होळी केली. का केली, हे पुढे चौकशी आयोगापुढे आले. कुळांविरुद्धचे बहुसंख्य निकाल एकतर्फी लागत. शेतकरी कोर्टात येतच नसे. कोणाला येऊन उपयोग नाही असे वाटे, कोणाला कोर्ट फार लांब पडे, आणि कोणाला दावा झाल्याचे कळलेलेच नसे. समन्स न बजावता बजावल्याचा शेरा मारला जातो, ही तक्रार त्या काळी सर्रास होती. घर पाडायला माणसे आली की दाव्याची पहिली बातमी लागायची.

१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला तो यातूनच. सावकाराचे खत पुढे आले म्हणून न्यायाधीशाने गप्प बसू नये, व्यवहार मुळापासून तपासावा, असे त्याने सांगितले. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते हे, की प्रतिवादी शेतकऱ्याला प्रत्यक्ष बोलावून त्याची जबानी घ्यावी, अशी तरतूद त्यात होती. समन्स बजावल्याचा शेरा पुरे नाही. माणूस समोर आणा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरती केली. न्यायाने पायी चालत माणसाकडे जावे, ही कल्पना निदान काही वर्षे तरी आमच्या भागात खरी ठरली होती.

आज सावकाराचे खत मागे पडले आहे. आजचे दावे वाटणीचे, बांधाचे, आणि औद्योगिक वसाहतींमुळे भाव चढलेल्या जमिनींचे. शिरूर तालुक्यात रांजणगाव, दौंड तालुक्यात कुरकुंभ. जमीन सोन्याची झाली की भाऊबंद पितळेचे होतात. आणि घरोघर एक तरी वर्दीतला माणूस. शिरूर ही तर एकेकाळची इंग्रजांची छावणी. पलीकडे नगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आणि रेल्वेचे जंक्शन. अशा मुलखात बेलिफाने दार ठोठावले की आतून हमखास उत्तर येते, "ते ड्यूटीवर आहेत."

कायद्याने या ड्यूटीचाही विचार केला आहे. रेल्वेचा किंवा सरकारचा नोकर असेल तर समन्स त्याच्या कार्यालयप्रमुखाकडे पाठवता येते. सैनिक असेल तर मात्र 'पाठवता येते' अशी सवड नाही. न्यायालयाने ते त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवलेच पाहिजे. राखीव पोलिसालाही आपण जवानच म्हणतो, पण या बाबतीत दोघांची पंगत वेगळी. १९२५ च्या एका कायद्याप्रमाणे तर युद्धाच्या वा तशाच विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचा दावा, काही अपवाद सोडता, थांबवून ठेवावा लागतो. पाहा, येथे पुन्हा तोच शब्द आला. सेवा बजावणाऱ्यावर समन्स बजावता येत नाही.

पण हे सारे नियम जागे होतात ते प्रतिवादी सैनिक आहे हे कोर्टाला कळल्यावर. दाव्यात जर नुसता गावचा पत्ता लिहिला असेल तर? नानांनी सांगितलेली एक हकीगत येथे सांगितली पाहिजे.

एका विधवा आत्याने वडिलांच्या जमिनीत आपला वाटा मागितला होता. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जित जमिनीत मुलांइतका हक्क मिळाला, त्यानंतरच्या काळातली ही गोष्ट. प्रतिवादी दोघे पुतणे. थोरला गावात, धाकटा सैन्यात, उत्तरेकडे कोठेतरी. दाव्यात दोघांचाही पत्ता गावचाच. नाना गेले तेव्हा थोरल्याने आपला कागद घेतला आणि धाकट्याचाही घ्यायला हात पुढे केला. "एकाच घरात राहतो आम्ही, द्या इकडं." नानांनी तेवढ्यात ओसरीच्या आत पाहिले. धाकट्याची बायको उंबऱ्याशी उभी होती आणि मान हलवून नको म्हणत होती. घरात दोन चुली झाल्या होत्या. थोरल्याने आत्याशी आतून बोलणे लावले होते की काय, ते नानांना ठाऊक नव्हते. त्यांनी तसा तर्कही केला नाही. सही घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी जाता आले असते, आणि शेरा खोटाही ठरला नसता. त्यांनी त्या बाईकडून पलटणीचा पत्ता उतरवून घेतला आणि समन्स न बजावता परत पाठवले : 'प्रतिवादी लष्करी सेवेत आहे.'

पुढे कागद पलटणीकडे गेला, पलटण हलली होती, कागद तिच्या मागे फिरला. सात महिन्यांनी सही होऊन आला. सही ठसठशीत, खाली तारीख आणि वेळ. दरम्यान ती आत्या प्रत्येक तारखेला दौंडजवळच्या आपल्या गावाहून येई, व्हरांड्यात बसे आणि नानांना विचारी, "आला का हो माझ्या पोराचा कागद?" माझ्या पोराचा! ज्याच्यावर दावा लावला त्याला ती पोर म्हणत होती. लहानपणी त्याला तिनेच वाढवले होते. पुरावा सुरू होण्याआधी ती गेली. तिच्या मुलींची नावे वारस म्हणून लागली आणि दावा पुढे चालला.

मी नानांना सरळच विचारले, "तुम्ही त्या दिवशी कागद दिला असता, तर म्हातारीच्या हयातीत निकाल लागला असता?"

"लागलाही असता, गुरुजी. एकतर्फी."

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. नानांनी केले ते योग्यच केले असे माझे मत आहे, आणि नियमही त्यांच्याच बाजूचा आहे. तरी या योग्य वागण्याची किंमत नानांनी मोजली नाही, जवानानेही नाही. ती मोजली व्हरांड्यात बसलेल्या आत्याने, आणि तिला कोणी विचारले नव्हते. न्यायाला उशीर होतो म्हणून आपण हळहळतो, तेव्हा तो उशीर नेहमी आळसाचा किंवा लाचेचाच असतो असे गृहीत धरतो. एखादा उशीर दुसऱ्या माणसाच्या मानापोटीही झालेला असतो. तो गोड मानून घ्या, असे त्या आत्याला सांगायला मात्र माझी जीभ रेटत नाही. सात महिने ही काही निसर्गाने ठरवलेली मुदत नव्हे. पलटण शोधायला पलटणीला इतका वेळ लागू नये.

अलीकडे हे काम मोबाइलवर येऊ लागले आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवरून धाडलेली नोटीस पोचली असे मानले. निरोप पोचला आणि उघडलाही गेला, हे त्यावरच्या खुणांनी दाखवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पोलिसांच्या हजेरीच्या नोटिशीला मात्र ही वाट बंद केली; जेथे अटकेचा संभव आहे तेथे अशी बजावणी चालणार नाही, असे सांगितले. हा फरक मला पटतो. निळी खूण फोन उघडल्याचे सांगते. फोन कोणाच्या हातात होता, आजोबांच्या की चौथीतल्या नातवाच्या, हे ती सांगत नाही. शिवाय कागद वाचता येणे आणि समजणे यांतही अंतर आहे. 'हजर न राहिल्यास एकतर्फी निकाल देण्यात येईल' हे वाक्य घेऊन आजही माणसे माझ्याकडे येतात. अक्षर सगळ्यांना लागते. "म्हणजे काय, गुरुजी?" हा प्रश्न राहतोच, आणि तो विचारायला मोबाइलच्या पडद्यापुढे कोणी नसते.

दार बंद असले की नानाही कागद चिकटवीत, त्याला इलाज नसे. पूर्वी ते घरून कणकेची खळ नेत. एकदा एका वस्तीवर त्यांनी चिकटवलेला कागद त्यांच्या डोळ्यांदेखत शेळीने खाल्ला. तेव्हापासून ते डिंक वापरू लागले आणि कागद कुलपाच्या उंचीवर लावू लागले. कुलूप काढायला माणूस वाकतोच, तेव्हा तो नजरेस पडावा म्हणून. परतीची गाडी त्याच फाट्यावरून असली तर उतरून कागद जागेवर आहे का ते पाहून येत. नसला तर शेजारी विचारीत, "कोणी काढला? घरच्यांनी, की आणखी कोणी?" आणि 'आणखी कोणी' असे उत्तर आले, तर तेही शेऱ्यात लिहीत.