हुकूम

पुढारीपण शिकवता येतं का? कॉलेजात एन. सी. सी.वाल्यांचं मत पडलं, येतं. त्यावर तास असत, परीक्षा असे, ‘बी’ आणि ‘सी’ अशी सर्टिफिकिटंही असत. मैदानावर मात्र शिकवत ते नेमकं उलटं! ‘दाहिने मुड’ म्हटलं की मुडायचं. का, हे विचारायचं नाही. (हे शिक्षण मला पुढं बँकेत फार उपयोगी पडलं.) मुडून मुडून एक दिवस माणूस पुढारी कसा होतो, हा हिशेब आम्हा कॉमर्सवाल्यांना काही जुळेना.

त्यात लायब्ररीत १९५० चा आर्मी अ‍ॅक्ट हाती लागला. कलम ४१ : युद्धावर असताना वरिष्ठाचा हुकूम मोडला, तर १४ वर्षांपर्यंत कैद. पण कसला हुकूम? ‘कायदेशीर’ हुकूम! आली का पंचाईत? म्हणजे खांद्यावर बंदूक घेतलेल्या शिपायानं उभ्या उभ्या ठरवायचं, साहेब बोलले ते कायद्यात बसतं की नाही. आम्ही बँकवाले अशा वेळी “साहेब, तेवढं लेखी द्या” म्हणून मोकळे होतो. गोळ्या सुटत असताना जावक क्रमांक कोण घालणार?

मी आमच्या हवालदार उस्तादांना विचारलं, “उस्ताद, हुकूमच चुकीचा असला तर?”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मैदान के दो चक्कर!”

पळालो. करतो काय? अर्धा चक्कर झाला असेल, बघतो तर शेजारून उस्तादही पळताहेत. भर उन्हात, पन्नाशीच्या पोटासकट. दोन्ही चक्कर पुरे केले. बोलले मात्र काहीच नाहीत.