सैन्याच्या खजिन्यातले औषध

ज्या खजिन्यातून शस्त्रे घडवली जातात त्याच खजिन्यातून औषध निर्माण झाले, तर त्या औषधाला खजिन्याचा दोष लागतो काय, हा प्रश्न सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यात बसून विचारणे प्रथमदर्शनी विलक्षण वाटेल. नार आणि पार या नद्यांच्या खोऱ्यांत नागली-वरईवर गुजराण करणाऱ्या कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांच्या या मुलुखात, संरक्षण खाते कोणत्या लहान उद्योजकाच्या संशोधनाला किती रक्कम मंजूर करते याची चौकशी आठवड्याच्या बाजारात कोणी करीत नाही. तथापि त्या खजिन्यात काड्यापेटी आणि साबण विकत घेणाऱ्या येथील माणसाचाही पैसा जातो. म्हणून त्या खजिन्याच्या पापपुण्याचा हिशेब मागण्याचा अधिकार दिल्लीइतकाच सुरगाण्यालाही आहे.

व्यवहार असा आहे. २०१८ साली संरक्षण मंत्रालयाने ‘आयडेक्स’ ही योजना सुरू केली. सैन्याने आपली अडचण मांडावी, नवोदित उद्योगांनी तिच्यावर तोड सुचवावी, आणि निवड झालेल्यास दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान टप्प्याटप्प्याने मिळावे, मात्र तितकाच वाटा अर्जदारानेही उचलावा, असा तिचा मूळ करार. पुढे पाच वर्षांसाठी तिला सुमारे ४९९ कोटींची तरतूद मंजूर झाली. ‘डीआरडीओ’ या संरक्षण संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञान विकास निधीची प्रकल्पमर्यादा दहा कोटींवरून पन्नास कोटींवर गेली. अमेरिकेने तर १९८२ सालीच कायदा करून मोठ्या सरकारी खात्यांच्या संशोधनखर्चातला ठराविक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवला होता. या योजनांचा मोठा भाग ड्रोन आणि दळणवळणाच्या साधनांकडे वळतो हे खरे. परंतु जखम, रक्तस्राव आणि प्राणवायू हेही सैन्याचेच प्रश्न असल्यामुळे वैद्यकाची उपकरणेही त्याच मार्गाने येऊ शकतात.

येथे धर्मबुद्धीला जी शंका येते ती केवळ पैशाच्या उगमाची नाही. राजाचा खजिना कधीच निर्भेळ नव्हता. त्यात दंड, जप्ती आणि अबकारी यांचे उत्पन्न सदैव मिसळलेले असे, आणि त्याच उत्पन्नातून देवस्थानांना सनदा मिळाल्या. खरी शंका हेतूची आहे. सैनिकाला बरे करायचे ते माणूस म्हणून, की पुन्हा रणात उभे करण्याजोगे साधन म्हणून? दुसरा हेतू असेल, तर शुश्रूषा हेही युद्धाचेच एक अंग ठरते, आणि वैद्याच्या हाताला बाण घडवणाऱ्याच्या हाताहून वेगळा मान देण्याचे कारण उरत नाही.

आपल्या परंपरेने हा पेच टाळलेला नाही. ऋग्वेदातल्या अश्विनीकुमारांनी झुंजीत पाय गमावलेल्या विश्पलेला लोखंडाचा पाय बसवला तो ती पुन्हा धावावी म्हणून. आणि मर्त्यांमध्ये वावरणाऱ्या याच देववैद्यांना सोमरसाचा वाटा नाकारण्यास इंद्र निघाला होता, तो वाटा त्यांना च्यवन ऋषीने मिळवून दिला. म्हणजे त्या काळी वैद्य अशुद्ध आणि योद्धा शुद्ध; आज आपण तराजू उलटा धरला आहे इतकेच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तर सेनेबरोबर जाणाऱ्या वैद्याचे स्वतंत्र प्रकरण आहे: त्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ असावा आणि त्यावर ध्वज असावा, म्हणजे विषबाधा झालेल्यांना आणि शल्याने पीडितांना तो दुरून ओळखता येईल.

माझ्या मते या प्रश्नाचे सर्वांत मार्मिक उत्तर भीष्मपर्वात आहे. शरशय्येवर पडलेल्या पितामहांसाठी दुर्योधन शल्य काढण्यात निष्णात असलेले वैद्य सर्व साहित्यानिशी घेऊन येतो. भीष्म उपचार नाकारतात. परंतु या वैद्यांना द्रव्य देऊन, त्यांचा सत्कार करून परत पाठव, असे ते बजावतात. अधर्माच्या बाजूने पुकारलेल्या युद्धाच्या तिजोरीतून आलेल्या त्या वैद्यांची विद्या भीष्मांनी दूषित मानली नाही, त्यांचे वेतनही अडवले नाही. नाकारला तो केवळ स्वतःवरचा उपयोग. विद्या, वेतन आणि विनियोग या तीन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या, आणि धर्माचा निवाडा तिसरीवर ठेवला. हे मी अर्थात माझे वाचन म्हणून सांगतो. टीकाकारांचे मत निराळे असू शकेल.

विनियोग मात्र उगमाच्या हातात राहत नाही, याचा पुरावा पुण्यातच आहे. १७९२ च्या टिपूवरील मोहिमेत इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा पातळ पत्रा तुटल्या नाकावर बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या आकृतीबरहुकूम कातडी सोडवून खाली वळवली आणि कातात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी ती जागच्या जागी बसवली. इंग्रज वैद्यांनी हे पाहिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचे वर्णन छापले गेले, आणि पुढे १८१४ साली कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने लंडनमध्ये तीच रीत अवलंबिली. कारागिराची जात त्या वृत्तांतात नोंदली गेली, नाव मात्र नाही. लहान उद्योजकाच्या कर्तबगारीची दफ्तरात अशी नोंद होणे आपल्याकडे नवीन नाही.

अलीकडची उदाहरणेही याच जातीची आहेत. ‘तेजस’ विमानातल्या वैमानिकाला उंचीवर प्राणवायू मिळावा म्हणून बंगळुरूच्या संरक्षण प्रयोगशाळेने जी यंत्रणा उभारली, तिच्याच आधाराने २०२१ च्या साथीत मिनिटाला हजार लिटर प्राणवायू देणारी रुग्णालयीन संयंत्रे तयार झाली, आणि ती बनवणाऱ्यांत टाटांच्या उद्योगाबरोबर कोईमतूरची एक तुलनेने लहान कंपनीही होती. कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानची रक्त थांबवणारी पट्टी अमेरिकन सैन्याच्या पैशातून पुढे आली. आपल्याकडे अहमदाबादेत आरंभ झालेल्या एका छोट्या उद्योगाने त्याच द्रव्याची पट्टी बनवली. (कोळंबीची हिंसा कोणाच्या खात्यावर मांडावी, हा प्रश्न अहिंसावाद्यांनी अद्याप गांभीर्याने घेतलेला दिसत नाही.)

आता रणभूमी सोडून पाड्याकडे वळावे. ऐन पावसात बाळंतिणीच्या अंगावरून रक्त जायला लागते. बांबूच्या दांड्याला चादर बांधून झोळी होते. दोघे खांदा देतात, आणखी दोघे खांदा बदलण्यासाठी मागे चालतात. ओहोळाला पाणी चढलेले असले की थांबावे लागते. डांबरी सडकेला लागल्यावर गाडी, मग ग्रामीण रुग्णालय, आणि तेथेही निभावले नाही तर नव्वदेक किलोमीटरवरचे नाशिक. सीमेवरच्या चौकीतला जखमी जवान आणि ही बाई यांच्यात वैद्यकाच्या दृष्टीने अंतर नाही: दोघांचेही रक्त वाहते आहे आणि दोघांपासूनही शल्यगृह दूर आहे. ट्रानेक्सामिक आम्ल हे रक्तस्राव रोखणारे औषध १९६२ साली जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांच्या पतीने शोधले. उताकोबाईंच्या मनात बाळंतिणीच होत्या. परंतु अपघात आणि आघाताच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१० साली आला, सैन्यांनी तो तत्परतेने उचलला, आणि बाळंतिणींवरील तशाच चाचणीला २०१७ साल उजाडावे लागले. दोन्हींत बोध एकच निघाला, की औषध तीन तासांच्या आत द्यावे. झोळीच्या वाटेवर हे तीन तास कसे जातात ते येथील आशा कार्यकर्तीला विचारावे.

म्हणून खजिना युद्धाचा आहे एवढ्यावरून औषध त्याज्य मानणे मला मान्य नाही. पण ते सैन्याच्या गोदामाशीच थांबले, तर घेतलेले अनुदान फिटले असेही मी म्हणणार नाही. शास्त्रांनी सांगितलेल्या ऋणांत मनुष्यऋणही आहे, आणि लहान उद्योजकाला मिळालेली मंजुरी हे त्याच ऋणाचे आधुनिक खत होय. सैन्याच्या गरजा गुप्त असतात, त्यांच्यावर नागरी अटी लादल्याने विलंब होईल, असा आक्षेप कचेरीतून येईल. शस्त्रांविषयी तो खरा असेल, पट्टीविषयी आणि सुईविषयी नाही.

तेव्हा संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना विनंती एवढीच, की वैद्यकीय उपकरणाच्या प्रत्येक करारात एक कलम जास्त लिहावे: सैन्याने वस्तू स्वीकारल्यानंतर ठराविक मुदतीत ती सैन्याला पडलेल्या दरानेच ग्रामीण रुग्णालयांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना मिळेल. आणि नाशिकच्या तरुण उद्योजकांना सुचवायचे ते हे, की शिरेतून द्यावे लागणारे ट्रानेक्सामिक आम्ल मांडीत टोचता येईल, उन्हात टिकेल आणि आशा कार्यकर्तीच्या हातून देता येईल अशा तयार सुईचा अर्ज त्यांनी ‘आयडेक्स’कडे करावा; आणि तो लिहिण्यापूर्वी एकदा श्रावणात सुरगाण्याच्या पाड्यावरून सडकेपर्यंत चालून पाहावे.